‘त्याने’ म्हणजे कोणी?

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्याबरोबर ‘ध’चा ‘मा’ केल्याची गोष्ट मराठी माणसाच्या तोंडी कायमची बसली. ‘धरावे’ होते, त्याचे ‘मारावे’ झाले, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. ही आख्यायिका खरी किती, याचा वाद इतिहासपंडितांनी घालावा. आम्हांला तिच्यातून एवढेच घ्यावयाचे आहे की, अक्षर फिरवले तर माणूस मरतो हे सर्वांस ठाऊक असते. परंतु एकही अक्षर न फिरवता, वाक्य जसेच्या तसे ठेवूनही माणसाच्या पोटावर पाय देता येतो, हे मात्र आपण विसरतो.

आम्ही व्याकरणाचे पंडित नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण रात्रशाळेत झाले आणि खरे शिक्षण युनियनच्या कचेरीत, करारांचे मसुदे उतरवून काढता काढता झाले. तेव्हा आरंभी आमचीच एक चूक सांगतो.

एका कारखान्याच्या करारात आम्ही रजेचे कलम लिहिले: ‘कामगाराने मुकादमास कळवून रजा घ्यावी व त्याने नोंदवहीत नोंद करावी. नोंद नसलेली रजा बिनपगारी समजण्यात येईल.’ बोलणी झाली त्या रात्री खोलीतल्या प्रत्येकास ठाऊक होते की, ‘त्याने’ म्हणजे मुकादमाने. कारण वही मुकादमाच्याच टेबलावर असे. दोन वर्षांनी व्यवस्थापक बदलले, मुकादम निवृत्त झाले. नव्या साहेबांनी कलम वाचले आणि म्हणाले, “वाक्याचा कर्ता कामगार आहे. तेव्हा ‘त्याने’ म्हणजे कामगाराने.” कित्येकांच्या रजा बिनपगारी झाल्या. आम्ही भांडलो, पण कागद त्यांचे म्हणणे खोटे पाडीत नव्हता. लिहिताना खोलीत असलेली माणसे निघून जातात, वाक्य मागे राहते. हा धडा आम्ही दुसऱ्यांच्या पैशाने शिकलो.

आमचे पूर्वज या बाबतीत आमच्याहून शहाणे होते. जुन्या मोडी कागदांत शब्द सलग लिहीत, विरामचिन्हे नसत. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली निघाले, आणि स्वल्पविराम, अर्धविराम वगैरे चिन्हे मेजर कँडी यांच्या खटपटीने त्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मराठी छापखान्यांत रुळली. त्याआधी लिहिणारा कारकून काय करी? तो सर्वनामावर विसंबत नसे. ‘मौजे मजकूर’, ‘साल मजकूर’, ‘सदरहू इसम’ अशा शब्दांनी तो प्रत्येक वेळी बोट दाखवून सांगे की, मी म्हणतो तो हाच. आपण त्या भाषेस कोर्टकचेरीची म्हणून हसतो. परंतु ती पुनरुक्ती अडाणीपणाची नव्हती. जमीन आणि वतन ज्या कागदावर अवलंबून, त्या कागदावर ‘तो’ म्हणजे कोण हा प्रश्नच उरू नये, अशी ती तजवीज होती.

सर्वनामाची ही गोष्ट झाली. विशेषणाची गोष्ट याहून मोठी आहे, कारण तिच्यात देशातील लाखो नोकरदार सापडले. ‘कायम कामगार व शिपाई यांना बोनस मिळेल’ हे वाक्य घ्या. शिपाईही कायमच हवा का, की कोणताही चालेल? ‘कायम’ हा शब्द पहिल्या नामापाशी थांबतो की दोघांना कवेत घेतो, हे वाक्य सांगत नाही. नेमका हाच घोटाळा आपल्या कामगार कायद्याच्या मुळाशी होता.

१९४७ सालच्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘कामगार’ कोण हे सांगताना शब्द घातले, त्यांचा मराठी अर्थ असा: ‘कुशल किंवा अकुशल अंगमेहनतीचे अथवा कारकुनी काम’ करणारा. १९५६ साली त्यात दुरुस्ती होऊन यादी ‘कुशल किंवा अकुशल अंगमेहनतीचे, देखरेखीचे, तांत्रिक किंवा कारकुनी काम’ अशी वाढली. आता प्रश्न आला: ‘कुशल किंवा अकुशल’ हे केवळ अंगमेहनतीचे विशेषण, की पुढच्या साऱ्या कामांचे, की तो स्वतंत्रच प्रकार? स्वतंत्र मानला तर जवळजवळ प्रत्येक नोकरदार कामगार ठरेल. विशेषण मानला तर जो यादीतील एकाही कामात बसत नाही तो बाहेर. आणि बाहेर म्हणजे बडतर्फी झाली तर या कायद्याचे दार बंद.

या दारावर प्रथम डोके आपटले ते औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींनी. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा एका प्रतिनिधीविषयी, १९५६ पूर्वीच्या शब्दांवर बोट ठेवून, सांगितले की, त्याचे मुख्य काम मालाचा प्रसार करण्याचे. ते अंगमेहनतीचे नव्हे, कारकुनीही नव्हे. अखेर विक्री-प्रसार कर्मचाऱ्यांसाठी १९७६ साली निराळा कायदा करावा लागला. गोव्यातील एका शाळेच्या शिक्षिकेचा खटला १९८८ साली निकालात निघाला. तेथेही शिकवणे हे यादीतील कोणत्याच कामात बसत नाही, असे ठरले. मुलांना लिहावाचावयास शिकवणारी बाई कायद्याच्या यादीत आपले नाव शोधत राहिली!

दरम्यान संसदेने १९८२ साली कायदा दुरुस्त केला. तो १९८४ पासून अमलात आला. आता शब्द झाले: ‘अंगमेहनतीचे, अकुशल, कुशल, तांत्रिक, क्रियाविषयक, कारकुनी किंवा देखरेखीचे काम’. ‘कुशल’ला ‘अंगमेहनती’पासून सोडवले, मध्ये स्वल्पविराम दिला. त्यामुळे आशा वाढली. परंतु १९९४ च्या ऑगस्टमध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निर्णय दिला की, ‘कुशल’ हा शब्द सुटा झाला तरी त्याचा अर्थ शेजारच्या शब्दांच्या संगतीनेच घ्यावयाचा. औषधांचा प्रसार त्यात येत नाही. आम्ही तेव्हा युनियनच्या कचेरीत टपाल पाहण्याचे काम करीत होतो. निकालाची बातमी वाचून एक प्रतिनिधी आम्हांला म्हणाले, “अहो, मी कुशल नाही, अकुशलही नाही, मग मी आहे तरी कोण?” २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्या व्याख्येत विक्री-प्रसार कर्मचारी नाव घेऊन घातले आहेत. १९६१ पासून मोजा. एका विशेषणाची जागा चुकली, तिची दुरुस्ती व्हावयास चौसष्ट वर्षे लागली. आणि तीही झाली ती विशेषण सुधारून नव्हे, तर सरळ नाव लिहून!

राहता राहिले जोडशब्द. मराठीत ‘तेव्हा’ हा मोठा फसवा शब्द आहे. त्याचा अर्थ ‘त्या वेळी’ असा होतो आणि ‘म्हणून’ असाही होतो. आमच्या पाहण्यातील एका आरोपपत्रात वाक्य होते: ‘सदर कामगार जागेवर नव्हता, तेव्हा यंत्र बंद पडले.’ पहिला अर्थ घेतला तर दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, एवढेच. दुसरा घेतला तर यंत्र बंद पडण्याचा दोष त्या माणसाच्या माथी! चौकशी अधिकाऱ्यांस आम्ही एकच विचारले: “हा ‘तेव्हा’ घड्याळाचा की कारणाचा?” त्यांनी यंत्रदुरुस्तीची वही मागवली. यंत्र पट्टा तुटून बंद पडले होते. माणूस वाचला.

म्हणून आपणांस विनंती एवढीच. घरभाड्याचा करार असो, सोसायटीचा ठराव असो की वाटणीपत्र, सही करण्यापूर्वी तो कागद त्या बैठकीस हजर नसलेल्या माणसास वाचावयास द्या. ‘तो’ कोण, विशेषण कोणाचे, ‘तेव्हा’ कशासाठी, हे त्याला विचारा. तो अडखळला तर समजा की, उद्या तिथेच कोणीतरी पाय घालील. आणि ज्याच्याजवळ वकिलाचे पैसे कमी, तोच बहुधा पडेल.

आमच्या त्या कलमात आम्ही पुढच्या करारात एकच शब्द बदलला. ‘त्याने’ खोडून ‘मुकादमाने’ लिहिले. त्यानंतर रजेवरून त्या कारखान्यात तंटा झाला नाही. आधीच्या रजांचे कापलेले पैसे मात्र कोणाला परत मिळाले नाहीत.