अलिबागचा पांढरा कांदा

अलिबाग तालुक्यातील कार्ले, खंडाळे, नेहुली या गावांत भात निघाले की त्याच खाचरांत पांढऱ्या कांद्याची रोपे लागतात. 1883च्या कुलाबा गॅझेटियरातही या कांद्याचा उल्लेख आहे. शेणखत चांगले कुजलेले हवे. सपाट वाफ्यात 15 बाय 10 सेंटिमीटर अंतर सर्वसाधारणपणे पाळले जाते. दाटी झाली की कांदा लहान राहतो. किनाऱ्याच्या रेताड जमिनीत नत्र पाण्याबरोबर झिरपते, म्हणून ते हप्त्याहप्त्याने द्यावे लागते. उशिरा दिलेल्या नत्राने मान जाड होते आणि कांदा टिकत नाही. काढलेला कांदा पातीसकट सुकवून वेण्या विणतात, हे काम मुख्यतः बायकांचे. गुजरातेत महुव्याचा पांढरा कांदा मात्र निर्जलीकरणाच्या कारखान्यांत जातो. अलिबागच्या कांद्याला 2022मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.