पोअर-ओव्हर कॉफी (घरगुती)

पोअर-ओव्हर कॉफी : भाजून भरड दळलेल्या कॉफीवर गरम पाणी थांबत थांबत ओतून, कागदातून किंवा कापडातून गाळून घेतलेली कॉफी. ती बहुधा बिनदुधाची पितात. या पद्धतीत बटण नाही, वाफेचा दाब नाही आणि वीज गेली तरी काही अडत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबसारख्या तालुक्याच्या गावी ही शेवटची सोय मोठीच. तिथल्या बहुतेक घरांत कॉफी म्हणजे दुधात ढवळलेली इन्स्टंट पूड, आणि पाहुणा आला तर वर किसलेले जायफळ. इन्स्टंट पूड पाण्यात पूर्ण विरघळते, त्यामुळे तिच्यात गाळण्यासारखे काही उरतच नाही. पोअर-ओव्हरला दळलेली खरी कॉफी लागते आणि नवशिक्याचा पहिला खर्च तिथून सुरू होतो.

कागदी गाळणीचे श्रेय जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातल्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीला जाते. कपाच्या तळाशी बसणारा गाळ आणि कडवटपणा यांना कंटाळून त्यांनी पितळेच्या भांड्याला भोके पाडली आणि मुलाच्या वहीतला टीपकागद आत घातला. १९०८ मध्ये त्यांना या गाळणीचा हक्क मिळाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अवघ्या ७३ फेनिगांच्या भांडवलावर कंपनीची नोंद झाली. पुढची मोठी नावे थोडक्यात सांगता येतात : पीटर श्लुम्बोम या रसायनशास्त्रज्ञाचे १९४१ चे काचेचे केमेक्स, आणि जपानच्या हारिओ कंपनीचा व्ही-सिक्स्टी शंकू. शंकूचा कोन ६० अंशांचा, म्हणून हे नाव. आज नवशिक्याच्या हाती बहुधा हाच शंकू किंवा त्याची नक्कल पडते.

दक्षिणेकडचा पितळी फिल्टर याच कुळातला, पण त्याची चाल वेगळी. त्यात पाणी एकदाच घालून झाकण लावतात, दाट काढा सावकाश खाली उतरतो आणि त्यात दूध पडते. त्या पुडीत अनेकदा चिकोरी असते. चिकोरी पाणी धरून ठेवते. काढ्याला ते उपकारक, पण कागदी शंकूत तीच पूड घातली तर धार तुंबते. म्हणून पुडा घेताना बिनचिकोरीचा पाहून घ्यावा.

साहित्यापैकी शंकू काही शे रुपयांत येतो. प्लास्टिकचा घ्यावा, चिनी मातीचा दिसायला देखणा, पण थंड असताना पाण्यातली उष्णता तोच पिऊन टाकतो. हंसाच्या मानेसारख्या लांब चोचीच्या किटलीचा फार गवगवा होतो. तिच्याविना चालते, बारीक तोंडाचे भांडे आणि स्थिर हात पुरतो. ग्रॅम दाखवणारा वजनकाटा मात्र हवाच, कारण हलकी भाजलेली आणि काळपट भाजलेली कॉफी चमच्यात सारखी दिसली तरी वजनात सारखी भरत नाही. पैसे घालायचेच तर हातचक्कीत घालावेत. मिक्सरच्या पात्यांनी बिया फुटतात, दळल्या जात नाहीत : अर्धी धूळ, अर्धे खडे. धुळीतून कडवटपणा उतरतो, खड्यांतून आंबटपणा, आणि कपात दोन्ही एकदम येतात. कागद गावात मिळाला नाही तर स्वच्छ सुती कापडाची पिशवी चालते, जपानात तिची मोठी परंपरा आहे. फक्त ती साबणाने धुवू नये. कागद कॉफीतले तेलकट अंश अडवतो, कापड त्यातले थोडे सोडते, म्हणून कापडातली कॉफी जरा भरदार लागते.

कृतीचे प्रमाण एका मोठ्या कपाला १५ ग्रॅम कॉफी आणि २५० ग्रॅम पाणी. दळण मध्यम जाड, उपम्याच्या रव्यासारखे. कागद शंकूत बसवून गरम पाण्याने भिजवायचा. कागदाचा वास जातो आणि भांडे तापते. ते पाणी फेकून कॉफी घालायची, वरचा थर सपाट करायचा आणि ४० ग्रॅमच्या आसपास पाणी सगळीकडे पोचेल असे ओतून ३०–४५ सेकंद थांबायचे. भाजताना बियांत कोंडलेला कार्बन डाय-ऑक्साइड या वेळात बाहेर पडतो. ताजी कॉफी फुगून बुडबुडे सोडते, शिळी निपचित पडून राहते. दुकानदाराच्या शब्दापेक्षा ही खूण भरवशाची. उरलेले पाणी मधून कडेकडे गोल फिरवत दोन-तीन हप्त्यांत ओतायचे, थेट कागदावर नाही. अडीच ते साडेतीन मिनिटांत सगळे खाली उतरावे. चोथा आपल्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी धरून ठेवतो, म्हणून कपात २२० ग्रॅमच येते. पाणी लवकर उतरले आणि चव आंबट, पाणचट लागली तर पुढच्या वेळी दळण बारीक करावे; रेंगाळले आणि कडू लागली तर जाड. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने काय झाले ते कळत नाही.

तयार कपात कॉफीचा विरघळलेला अंश जेमतेम सव्वा टक्का असतो. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या तक्त्यात रुचकर कॉफीची ताकद १.१५ ते १.३५ टक्के धरली आहे. बाकी सगळे पाणी. आणि कळंबात खरी परीक्षा तिथेच आहे.

जमिनीखालच्या पाण्याशी या गावाचे नाते जुने. इथले चिंतामणी गणेशाचे मंदिर जमिनीच्या पातळीखाली आहे, आवारात कुंड आहे आणि दर बारा वर्षांनी गंगा प्रकटून देवाच्या चरणांना स्पर्श करते अशी श्रद्धा आहे. कॉफीच्या दृष्टीने मात्र काळ्या पाषाणातून झिरपलेले जड पाणी अडचणीचे. त्यातले बायकार्बोनेट कॉफीतली आम्ले मारून टाकतात. फळांचा, फुलांचा सुगंध ज्या बियांसाठी मिरवला जातो त्या बियाही सपक लागतात. आरओचे पाणी दुसऱ्या टोकाला जाते. त्यात क्षार इतके कमी असतात की चव पोकळ आणि बोचरी होते. कॉफीच्या व्यवसायात लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास विरघळलेले क्षार आदर्श मानतात, ७५ ते २५० पर्यंत चालवून घेतात. आरओच्या पाण्यात नळाचे गाळलेले पाणी थोडे मिसळून हा आकडा गाठता येतो. मोजायला स्वस्तातला टीडीएस मीटर पुरतो, जरी एकूण क्षारांत कोणता किती हे तो सांगत नाही. इथे एक इशारा आवश्यक आहे : यवतमाळ जिल्ह्याच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त सापडते आणि उकळून ते जात नाही. अशा बोअरचे पाणी मिसळण्याच्या भानगडीत पडू नये.

पाण्याचे तापमान ९० ते ९६ अंश सेल्सिअस हवे. कळंबात उकळी ९९ अंशांच्या आसपास फुटते, तेव्हा गॅस बंद करून मिनिटभर थांबले की झाले. काळपट भाजलेल्या कॉफीला आणखी थोडे थांबावे. सातपुड्यात १,१०० मीटरवर वसलेल्या चिखलदऱ्यात थांबायचीही गरज नाही, तिथे पाणी ९६ अंशांवरच उकळते.

चिखलदरा इथे आणखी एका कारणाने येतो. अमरावती विभागातलेच हे थंड हवेचे ठिकाण महाराष्ट्रात कॉफी पिकणारे म्हणून ओळखले जाते. लागवड इवलीशी आहे, रोजच्या कपाची भिस्त तिच्यावर ठेवता येत नाही. देशातली सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात होते, आणि बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात सात बिया आणून लावल्याची आख्यायिका तिथल्याच चिकमगळूरच्या डोंगरांची. कळंबकराला ताज्या भाजलेल्या बिया जवळच्या नागपुरातून मागवता येतात. भारताचा बरिस्ता-विजेता ठरलेल्या मिथिलेश वझलवार यांची कॉरिडॉर सेव्हन ही भट्टी तिथली. पुड्यावर भाजल्याची तारीख असेल तरच घ्यावा आणि महिन्याभरात संपेल इतकाच घ्यावा, कारण विदर्भाच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरातल्या डब्यातली कॉफी झपाट्याने शिळी होते.

हात बसल्यावर जपानच्या तेत्सू कासुया यांची ४:६ पद्धत करून पाहण्याजोगी आहे. याच पद्धतीवर ते २०१६ मध्ये कॉफी बनवण्याच्या स्पर्धेत जगज्जेते झाले. जाड दळलेली २० ग्रॅम कॉफी, ३०० ग्रॅम पाणी, ६० ग्रॅमचे पाच हप्ते, दोन हप्त्यांत ४५ सेकंदांचे अंतर. पहिल्या दोन हप्त्यांवर आंबट-गोडाचा तोल ठरतो, उरलेल्या तिनांवर ताकद. मे महिन्यात, पारा ४४–४५ वर असताना, याच २० ग्रॅम कॉफीला १८० ग्रॅमच गरम पाणी द्यावे, दळण किंचित बारीक ठेवावे आणि खालच्या भांड्यात आधीच १२० ग्रॅम बर्फ टाकून ठेवावा.