एकेक घमेलं

बार्शीकडच्या आमच्या गावात म्हाताऱ्या माणसांना वय विचारलं, की ती जन्मसाल सांगत नाहीत. ‘बहात्तरला मी अंगावर पीत होतो’, ‘बहात्तरच्या आदल्या साली लगीन झालं’, असा सगळा हिशेब. १९७२च्या दुष्काळाला पन्नास वर्षं उलटून गेली, तरी आमच्याकडची मोजदाद तिथूनच सुरू होते.

त्या साली माझी आजी खडी फोडायला जायची. पावसानं लागोपाठ दगा दिलेला, बैल बाजारात कवडीमोलानं गेलेले. ‘हिरीला पाणी हुतं रं, पर कणगीत दाणा नव्हता,’ असं ती सांगायची. रेशनला परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळे. तिची भाकरी कुणालाच गोड लागली नाही. कामावर सुकडी वाटत. सरकारनं रस्ते, पाझर तलाव, नालाबांध अशी कामं काढली होती आणि मे १९७३मध्ये राज्यभर या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं राबत होती. त्यातली एक आजी.

खडीचं काम मापावर. दगड फोडून ढीग लावायचा, माप होईल तेवढीच मजुरी. तान्ही पोरं असलेल्या बायांची पंचाईत व्हायची. हातोडा चालवावा तर कपची उडून पोराच्या डोळ्यात जायची भीती. आजीच्या टोळीत एक म्हातारी होती. सगळ्या तिला मावशी म्हणत. तिला हातोडा पेलत नव्हता, दिवसभर खपूनही ढीग गुडघ्याएवढा होत नव्हता. मग बायांनीच आपापसांत ठरवलं: मावशीनं बाभळीखाली पोरं सांभाळायची आणि माप व्हायच्या आधी प्रत्येकीनं आपल्या खडीतलं एक घमेलं तिच्या ढिगावर ओतायचं.

हे सांगताना आजी हातवारे करून दाखवायची. घमेलं एकदम पालथं घालायचं नाही. सावकाश, कडेकडेनं सोडायचं आणि वरून हात फिरवायचा, म्हणजे ढीग एकाच हातचा दिसतो. तिकडे बाभळीला जुन्या लुगड्यांच्या झोळ्या. मावशी एक झोळी हातानं हलवायची, दुसरीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली. रांगतं पोर खडीकडे निघालं, की पाय तसाच हलता ठेवून त्याला झबल्याला धरून मागं ओढायची. सुकडी पाण्यात कालवून बोटानं चाटवायची. एका झोळीत माझे वडील होते.

मुकादमाला हे दिसत नसेल असं मला वाटत नाही. ढीग मोजताना त्यानं कधी एका शब्दानं विचारलं नाही, एवढं आजी आवर्जून सांगायची.

थोरामोठ्यांची चरित्रं मी पुष्कळ वाचली, पण खचल्यावर मला आठवतं ते हे घमेलं. त्या बायांकडे उरलंसुरलं काही नव्हतं. घमेलंभर खडी म्हणजे स्वतःच्या पोराच्या तोंडचा घास, आणि तो त्या रोज संध्याकाळी मोजून बाजूला काढत होत्या.

विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी ‘मागेल त्याला काम’ ही कल्पना दुष्काळाआधीच मांडली होती. दुष्काळानं तिची निकड पटवली. १९७७मध्ये महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदा केला, २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर याच कामासाठी सुरू झाला होता. पुढे २००५मध्ये देशभरासाठी कायदा आला. त्याच्या अनुसूचीत एक कलम मला सापडलं: कामावरच्या बायांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील, तर त्या बायांपैकीच एकीला मुलं सांभाळायला नेमावं आणि तिला मजुरी द्यावी. हे कलम कुठून आलं याचा माग मी काढलेला नाही. मला मात्र ते वाचताना बाभळीखालची मावशीच दिसली.

आजीला मी ते वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं. ‘म्हंजी मावशीला आता सरकार पगार देनार,’ ती खुशीनं म्हणाली. मग बोटं मोजत तिनं विचारलं, ‘पर पाचच का? चार असली तर त्यास्नी कोन बघनार?’