ठेका कोणाच्या मालकीचा?

दोन्ही हात कोपरात वाकवून जरा वर धरलेले, गुडघे सैल, खांदे आणि कंबर आळीपाळीने हलताहेत, पाऊल जेमतेम वीतभर पुढे-मागे. वरातीत बँड वाजू लागला की ज्याला नाचाचे अंग नाही असा काकाही हेच करतो. हा ठेका भगवानदादांचा, हे त्याला ठाऊक असतेच असे नाही.

भगवान आबाजी पालव यांचा जन्म १९१३ चा, अमरावतीचा. वडील मुंबईत गिरणी कामगार. मूकपटांपासून सुरुवात करून वर्षानुवर्षे मारधाडीचे स्वस्त चित्रपट काढणाऱ्या या माणसाने १९५१ मध्ये ‘अलबेला’ काढला. निर्माता तेच, दिग्दर्शक तेच, नायकही तेच. शेजारी गीता बाली, आणि संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचे. दादांना नायकाचे रूप नव्हते, उंची नव्हती. त्यांच्या नाचात अवघड असे काहीच नव्हते, आणि माझ्या मते तेच त्याचे मोठेपण. तालीम न घेतलेल्या कामगाराला वाटले, अरे, हे तर मलाही जमेल. गणपतीच्या मिरवणुकीत गिरणगाव जसे नाचते, त्याच्याच घरातले ते पाऊल होते.

पुढे जुहूला बंगला झाला, गाड्या झाल्या. मग ‘झमेला’ आला, ‘लाबेला’ आला, आणि ‘अलबेला’चे यश काही परतले नाही. बंगला गेला, गाड्या गेल्या. दादा दादरच्या चाळीत राहू लागले. अधूनमधून एखाद्या चित्रपटात त्यांना बोलावत आणि दोन मिनिटे तोच ठेका धरायला लावत. दरम्यान तो ठेका अमिताभ बच्चन, मिथुन, गोविंदा यांच्या अंगात दिसू लागला होता. ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादा गेले. २०१६ मध्ये त्यांच्यावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट आला.

कोणी चोरी केली असे मी म्हणत नाही. प्रश्न वेगळा आहे. दादांना या ठेक्यावर हक्क सांगता आला असता का?

कायद्यात नाचाला जागाच नव्हती, असे आपण समजतो. तसे नाही. १९११ च्या ब्रिटिश स्वामित्व कायद्यातच ‘नाट्यकृती’च्या व्याख्येत नृत्यरचना होती. १९१४ मध्ये तो कायदा हिंदुस्थानात लागू झाला, आणि १९५७ च्या आपल्या कायद्यानेही ती व्याख्या उचलली. अट एकच : ती रचना लिहून किंवा अन्य प्रकारे पक्की केलेली हवी. सिनेमाला मात्र १९५७ च्या व्याख्येने नाट्यकृतीतून वगळले. मग फक्त कॅमेऱ्यात उतरलेला नाच ‘अन्य प्रकारे’ या शब्दांत बसतो, की सिनेमा म्हणून बाहेर जातो? यावर वकिलांचा वाद अजून मिटलेला नाही.

योगायोग पाहा. ‘अलबेला’नंतर एकाच वर्षाने, १९५२ मध्ये, अमेरिकेत हान्या होल्म या नृत्यरचनाकार बाईंनी ‘किस मी, केट’ या संगीत नाटकातले आपले नाच रुडॉल्फ लाबानच्या चिन्हलिपीत लिहून काढले आणि त्यांची सरकारदरबारी नोंद केली. नाच कागदावर आला म्हणून त्याला मालक मिळाला. आपल्याकडे नाच गुरूच्या अंगातून शिष्याच्या अंगात जातो. कागदाचे आणि त्याचे जुने वैर आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढेही हा प्रश्न आला, तो शेजारच्या कर्नाटकातून. शिवराम कारंतांनी यक्षगानाला नवे रूप देऊन प्रयोग बांधले होते. १९९७ मध्ये ते गेले. मृत्युपत्राने ज्यांना हक्क मिळाले, त्यांनी एका शिक्षणसंस्थेने केलेल्या प्रयोगाला हरकत घेतली. २००९ मध्ये न्यायालयाने ही रचना नाट्यकृती मानली आणि मनाई कायम ठेवली. मात्र शिक्षणासाठी आणि विनामूल्य प्रयोगांसाठी कायद्यात असलेल्या सवलती संस्थेलाही आहेत, हे स्पष्ट केले. यक्षगान कोणा एकाचे नाही, पण कारंतांनी त्यात जे बांधले ते कारंतांचे. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

आमच्या मालेगावात तो समजावून सांगावा लागत नाही. हे मुशायऱ्यांचे गाव. तरही मुशायऱ्यात दुसऱ्या कवीची एक ओळ सगळ्यांना दिली जाते. तिच्या वजनावर, तिच्या यमकावर प्रत्येकाने आपली गझल रचायची. ती ओळ आपल्या शेरात गुंफली तर त्याला ‘गिरह’ म्हणतात, आणि चांगल्या गिरहला दाद मिळते. पण तीच ओळ स्वतःची म्हणून खपवली तर त्याचे नाव ‘सरक़ा’, म्हणजे चोरी. काफिया कोणाचा नसतो, शेर कोणाचा तरी असतो. नाचातही एकटे पाऊल म्हणजे काफिया. तो सर्वांचाच राहू दे, नाहीतर वरातीतल्या काकालाही परवाना काढावा लागेल. २०१९ मध्ये अमेरिकेच्या नोंदणी कार्यालयाने एका नटाला त्याच्या गाजलेल्या छोट्या नाचाची नोंद नाकारली, ती याच विचाराने.

आणि याच गावात २००० मध्ये शेख नासिर यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला. पुढे २००८ मध्ये फैझा अहमद खान यांच्या माहितीपटाने इथली ही सिनेमागिरी जगभर पोचवली. ती नक्कलच होती, पण मूळ कोणाचे हे नावातच सांगितलेले. कायद्याच्या चष्म्यातून तिच्यात खोट दिसेलही. मुशायऱ्याच्या हिशेबाने ती गिरह होती.

मला खरी काळजी आहे ती अख्खी गझल बांधणाऱ्यांची. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटाच्या गीतकार-संगीतकारांचा पुढच्या उत्पन्नातला वाटा पक्का केला. नृत्य दिग्दर्शक मात्र ठरलेली बिदागी घेऊन घरी जातो. सरोज खान १९५० च्या दशकापासून समूहात नाचल्या, बी. सोहनलाल यांच्या हाताखाली शिकल्या. ‘तेजाब’मध्ये त्यांनी माधुरी दीक्षितवर बसवलेला नाच इतका गाजला की १९८९ मध्ये फिल्मफेअरला नृत्य दिग्दर्शनाचा पुरस्कारच सुरू करावा लागला आणि पहिला त्यांनाच मिळाला. २०१८ मध्ये ‘बागी २’साठी ते गाणे पुन्हा चित्रित झाले. ‘तेजाब’चे दिग्दर्शक एन. चंद्रा यांनी उघड नाराजी सांगितली. गाण्याचा हक्क कोणाकडे, याची कागदपत्रे होती. नाचाचा हक्क कोणाकडे, हे कोणत्याच कागदावर नव्हते. सरोज खान तेव्हा हयात होत्या. ३ जुलै २०२० रोजी त्या गेल्या.