तांबड्या भाताचा कोंडा आणि कर्बोदकांची वर्गवारी

बाळकुम आज ठाणे शहराच्या उंच इमारतींत हरवले असले, तरी मुळात ते खाडीकाठचे आगरी-कोळी गाव. बांध घालून भरतीचे पाणी अडवायचे आणि पावसाने धुतलेल्या खाजणात भात पिकवायचे, ही या किनारपट्टीची जुनी शेती. खारवट जमीन सोसणाऱ्या तांबड्या भाताला ‘राता’ म्हणत. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचे काळा राता आणि भुरा राता हे वाण त्याच कुळातले.

राताचा तांबडा रंग असतो तो कोंड्यात. उखळात सडलेल्या तांदळाचे तूस निघे, पण कोंडा बराचसा टिके. गिरणीने तोही खरवडून काढला आणि पांढराशुभ्र तांदूळ प्रतिष्ठेचा ठरला. गिरणीला दोष देताना एवढे ध्यानात ठेवावे, की सडण-कांडणाचे कष्ट बायकांच्याच वाट्याला होते.

या शुभ्रतेची किंमत प्रथम जावा बेटावर उमगली. १८९० च्या दशकात डच वैद्य ख्रिस्तियान आइकमन यांना दिसले, की पॉलिश केलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासह तांदूळ देताच त्या बऱ्या होतात. उणीव होती ती पुढे ‘ब-१’ म्हणून ओळखल्या गेलेल्या जीवनसत्त्वाची. आइकमन यांना १९२९ चे नोबेल मिळाले. १९३४ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याने हातसडीच्या तांदळाचा व गुळाचा पुरस्कार केला. तांदळाविषयी संघाचे म्हणणे खरे होते. गुळाचे तसे नाही; त्यात अल्प खनिजे असली, तरी मुख्य घटक साखरच.

पुस्तकी वर्गवारी सांगे, की साखर आणि गूळ ही साधी कर्बोदके, ती झटपट रक्तात उतरतात. धान्यांतील पिष्ट जटिल, ते सावकाश पचते. १९८१ मध्ये टोरांटोत डेव्हिड जेन्किन्स व सहकाऱ्यांनी ६२ पदार्थ माणसांना खाऊ घालून रक्तातील साखर प्रत्यक्ष मोजली, तेव्हा ही समजूत कोसळली. ‘जटिल’ गणला जाणारा पांढरा भात नेहमीच्या साखरेपेक्षाही वरच्या क्रमांकावर निघाला. कोंड्यासहित तांदळाचा आकडा थोडाच खाली होता. म्हणजे कोंड्याने जीवनसत्त्वे आणि तंतू मिळतात, पण पचनाचा वेग त्याने फारसा आवरत नाही. मधुमेही माणसाने हातसडीचा म्हणून भात दुप्पट वाढून घेतला, तर फसगत ठरलेली.

त्या यादीच्या तळाकडे होती मसूर, हरभऱ्यासारखी कडधान्ये. त्यांचे पिष्ट खरोखर रेंगाळत पचते. खाडीकाठच्या ताटात भाताशेजारी वालाचे बिरडे आणि मासळी असे. आणि जेवणारा माणूस दिवसभर बांधावर किंवा मिठागरात राबून आलेला असे.