बसण्याचे शिक्षण : चाकांच्या खुर्चीवरील धडस्थैर्याच्या व्यायामाचा इतिहास

चाकांच्या खुर्चीवरील विद्यार्थ्याला व्यायाम शिकविणे म्हणजे उभ्याने करावयाचे व्यायाम त्याच्याकडून बसून करवून घेणे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखात या समजाची इतिहासाच्या आधारे तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे.

पहिल्या महायुद्धात मेरुरज्जूला इजा झालेले बहुसंख्य सैनिक शय्याव्रण आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने दगावले. 1944 मध्ये डॉ. लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे या रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. दर दोन तासांनी कूस बदलणे, नंतर बसण्याचा तोल आणि शेवटी खेळ, असा त्यांच्या उपचारांचा क्रम होता. 29 जुलै 1948 रोजी तेथे 16 जखमी सैनिकांची धनुर्विद्या स्पर्धा झाली. ही निवड शरीरशास्त्राला धरून होती. पाठीच्या रुंद स्नायूला चेतना मानेतील मज्जातंतूंकडून मिळते. त्याचे दुसरे टोक मात्र श्रोणीपर्यंत पोचते. त्यामुळे पोटाचे स्नायू निकामी झाले तरी धड सावरण्यास तो मदत करतो.

गुटमन व व्हिटरिज यांनी 1947 मध्ये आणखी एक धोका नोंदविला. इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असल्यास मूत्राशय भरल्यानेही रक्तदाब एकाएकी वाढतो. म्हणून अशा व्यक्तीला व्यायाम करताना तीव्र डोकेदुखी वा घाम आल्यास व्यायाम थांबवून तिला ताठ बसवावे, मूत्रनळी तपासावी आणि तातडीने वैद्यकीय मदत मिळवावी.

महाराष्ट्रात हे ज्ञान दोन वाटांनी रुजले. पहिली वाट सैनिकी होती. 1965 च्या युद्धात जखमी झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर उपचार म्हणून पोहू लागले आणि 1972 मध्ये हायडलबर्ग येथे 50 मीटर मुक्त शैलीत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. 1974 मध्ये खडकी येथे जायबंदी सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र उभे राहिले. दुसरी वाट नागरी होती. कमला निंबकर यांनी 1950 मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा काढली. त्याच दशकात नागपुरातही असे शिक्षण सुरू झाले. विदर्भातील रुग्णांना त्यामुळे जवळ आधार मिळाला.

1996 मध्ये हॉजेस व रिचर्डसन यांनी, हात हलण्यापूर्वीच पोटाचा खोलवरचा स्नायू आकुंचन पावतो, असे दाखविले. त्यानंतर ‘कोअर’ हा शब्द व्यायामशाळांत रूढ झाला. परंतु हा अभ्यास उभ्या व्यक्तींवरचा होता. ज्याचे हे स्नायूच निकामी आहेत, त्याला ‘पोट आत घ्या’ असे सांगणे निरर्थक ठरते. तेथे उरलेल्या स्नायूंचा शोध घेणे हेच शिक्षकाचे काम होय.

या इतिहासातून एक क्रम हाती येतो. प्रथम चाकांना ब्रेक लावावा, पावलांना आधार द्यावा आणि श्रोणी सरळ बसवावी. मग एक हात टेकवून थोडे पुढे झुकणे व परत मध्यावर येणे शिकवावे. त्यानंतर आधाराविना हात उचलणे. वजन सर्वांत शेवटी. श्वास रोखू देऊ नये. संवेदना नसलेल्या त्वचेची तपासणी व्यायामानंतर अवश्य व्हावी.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने खेळातील सहभागाचा हक्क मान्य केला आहे. तरीही अशा विद्यार्थ्याला तासातून सूट देऊन आपण मोकळे होतो. नागपुरात शारीरिक शिक्षण आणि पुनर्वसन हे दोन्ही विषय अनेक दशके शिकविले जात आहेत. या दोन विभागांच्या अध्यापकांनी एकत्र येऊन हा क्रम शिकविला, तरच त्या हक्काला अर्थ प्राप्त होईल.