ओकी

'घाटी' हा शब्द मुंबईत कोण, कुणाला, कुठल्या सुरात म्हणतो यावर हशा पिकणार की बाह्या सरसावल्या जाणार, ते ठरतं. घाट उतरून गिरणीत, गोदीत राबायला आला तो घाटी. कॅलिफोर्नियात याचा एक सख्खा भाऊ भेटतो, 'ओकी'. त्याचे दिवस पालटले त्यात मोठा वाटा मर्ल हॅगर्ड या कंट्री गायकाचा.

ओकी म्हणजे ओक्लाहोमाचा. आपण गणपतचा गण्या करतो, तशीच ही तोडमोड. गण्या आईने म्हटलं तर लाड, सावकाराने म्हटलं तर पाणउतारा. 1930च्या दशकात अवर्षण, धुळीची वादळं आणि मंदी यांनी नाडलेली कुटुंबं कापूस वेचायला, फळं तोडायला कॅलिफोर्नियात आली. त्यांत टेक्सासचे होते, आर्कान्साचे होते, मिझुरीचेही. पण स्थानिकांच्या लेखी सगळे ओकीच. (उत्तरेकडून आलेला दिसेल तो आपल्याला 'भय्या', तेव्हा फार हसू नये.) स्टाइनबेकच्या 'द ग्रेप्स ऑफ राथ' या कादंबरीने 1939मध्ये हा शब्द दूरवर पोचवला.

गंमत अशी, की ओक्लाहोमा हे नाव मुळात चोक्टॉ या मूलनिवासी भाषेतलं. 'ओक्ला' म्हणजे लोक, 'हुम्मा' म्हणजे लाल. म्हणजे ज्यांना माणसांत धरायचं नव्हतं, त्यांच्यासाठी केलेल्या शिवीत 'लोक' या अर्थाच्या शब्दाचाच तुकडा शिरून बसला. ओक्ला आणि लोक, ध्वनी जुळतो खरा. पण तेवढ्यावर सोयरीक जमवू नये. व्युत्पत्तीच्या नादी लागलेले अशाच ठिकाणी घसरतात.

हॅगर्ड कुटुंब ओक्लाहोमातल्या चेकोटाचं. आगीत गोठा गेला आणि त्यांनी कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळचं ऑइलडेल गाठलं. तिथे एका बाईंची रेल्वेची जुनी वाघीण पडून होती. काम करणारा ओकी कधी ऐकला नाही, असं बाई म्हणाल्या; त्यावर काम न करणारा मीही ऐकला नाही, असं मर्लच्या वडिलांनी सुनावलं, अशी हकिकत या घरात सांगत. वडिलांनी त्या वाघिणीचं घर केलं. मर्ल 1937चा. तो नऊ वर्षांचा असताना वडील गेले, आणि पोरगं हाताबाहेर गेलं. पळून जाणं, सुधारगृहं, चोऱ्या, आणि घरफोडीच्या प्रयत्नापायी 1958 साली सॅन क्वेंटिनचा तुरुंग. 1960मध्ये सुटला. पुढे आईवर, कैद्यांवर, हातावर पोट असलेल्यांवर गाणी रचली. 1972 साली गव्हर्नर रेगन यांनी त्याला माफी दिली.

'ओकी फ्रॉम मस्कोगी' हे त्याचं गाणं 1969चं. मस्कोगी चेकोटापासून जवळ, पण मर्ल तिथला नव्हे. तो जन्माने कॅलिफोर्नियाचा. तुरुंग भोगून आलेल्या या माणसाने गाण्यात टपल्या मारल्या त्या केस वाढवलेल्या, युद्धाला विरोध करणाऱ्या बंडखोर पोरांना! हे गाणं मनापासूनचं की थट्टेतलं, यावर हॅगर्डने स्वतःच वेळोवेळी वेगवेगळी उत्तरं दिली. मला विचाराल तर त्याचं बंड गाण्यातल्या मतांत शोधूच नये. ते शीर्षकाच्या पहिल्या शब्दात आहे. बापाच्या तोंडावर फेकलेला शब्द लेकाने माइकसमोर अभिमानाने उच्चारला, आणि गाणं कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं.

त्याच सुमाराला ओक्लाहोमाचे गव्हर्नर बार्टलेट यांनीही ओकी शब्दाला प्रतिष्ठा द्यायचं मनावर घेतलं होतं. त्यांनी 'ओकी' लिहिलेल्या पिना वाटल्या आणि त्या अक्षरांतून बुद्धिमत्ता, उद्योग वगैरे सद्गुण काढून दाखवले. सरकारी व्युत्पत्ती कुठलीही असो, चव तीच.

जाता जाता त्या वाघिणीबद्दल. इंग्रजी 'वॅगन' मराठी रुळांवर आली आणि तिची वाघीण झाली. सगळीच तोडमोड हिणवण्यासाठी नसते. हॅगर्ड 2016 साली, 79व्या वाढदिवशीच वारला. त्याच्या बापाने घर केलेली वाघीण आता बेकर्सफील्डच्या कर्न काउंटी संग्रहालयात आहे.